एफडीचा दुसरा हप्ता

मिरजेहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय २९, औद्योगिक वसाहतीत नोकरी, हातात पगार ३८ हजार. थोडक्यात पत्र असं:

"सर, माझा सॅमसंगचा ए३४ आता तीन वर्षांचा होईल. दुपारी चारला बॅटरी संपते, स्टोरेज भरलंय आणि कॅमेरा पार गेलाय. कागदाचा फोटो काढला तर अक्षर लागत नाही, नमुना सोबत जोडला आहे. आयफोन १६, पिक्सेल ९ए आणि गॅलॅक्सी ए५६ यांतला कोणता घेऊ? मन आयफोनवर आहे. सत्तर हजारांना पडतोय, २४ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय आहे, जुन्या फोनचे एक्स्चेंजमध्ये सहा हजार मिळतील. खात्यात ८५ हजार आहेत, पण बाबांच्या निवृत्तीच्या पैशातून माझ्या नावे केलेल्या पाच वर्षांच्या एफडीचा १ लाख २० हजारांचा दुसरा हप्ता मार्चमध्ये आहे. त्यातले साठ हजार मी घालणार, म्हणून रोखीने फोन घेता येत नाही. ईएमआय बरोबर राहील ना?"

सोबत तीन फोनांची तुलना करणारी एक्सेल शीट आहे, चौदा रकान्यांची. आणि तो नमुन्याचा फोटो.

तुमची शीट मी पाहिली, फोटो त्याहून नीट पाहिला. तुम्हाला तो धूसर वाटला, पण मला त्यातलं बरंच वाचता आलं. कॅमेरा खराब आहे हे दाखवायला तुम्ही हाताशी असलेला जो कागद टिपलात, तो तुमच्या 'एफडी'चा आहे. वरच्या ओळीत जीवन विमा कंपनीचं नाव आहे. खाली विमाधारक म्हणून तुमचं नाव, विमा रक्कम १२ लाख, प्रीमियम भरण्याची मुदत ७ वर्षं, पॉलिसीची मुदत १५ वर्षं आणि मुदतीअखेर मिळणारी रक्कम साडेचौदा लाख.

एफडीत पैसे एकदाच ठेवतात. दर महिन्याला भरता ती आरडी. दरवर्षी मार्चमध्ये सव्वा लाख मागणारी एफडी कुठल्याही बँकेत नसते. हप्ता हा शब्द ऐकल्यावरच कान टवकारायला हवे होते. तुमचे, बाबांचे, कोणाचे तरी. पण बाबा आयुष्यभर एसटीत होते, बँकेतला साहेब स्वतः खुर्ची पुढे सरकवून चहा मागवतो आहे याचंच त्यांना अप्रूप वाटलं असणार. 'साठी झाली, तुमच्या नावावर नको, मुलाच्या नावावर करू' हे वाक्य तुम्ही पत्रात जसंच्या तसं दिलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या दर चौथ्या-पाचव्या पत्रात ते असतं. एफडी साठीनंतरही करता येते, उलट ज्येष्ठांना थोडं जास्तच व्याज मिळतं. मुलाचं नाव लागतं ते विम्याला. आणि हे सगळं घडलं गेल्या मार्चमध्ये, मार्चएन्डच्या टार्गेटच्या दिवसांत.

आता हिशोब. सात वर्षं १ लाख २० हजार, म्हणजे ८ लाख ४० हजार भरायचे आणि पंधराव्या वर्षाच्या शेवटी साडेचौदा लाख घ्यायचे. बँकेच्या माणसाने 'जवळपास दुप्पट' सांगितलं म्हणता. पहिली गोष्ट, दुप्पट म्हणजे १६ लाख ८० हजार. दुसरी, हे पंधरा वर्षांनी. दर काढला तर साडेचार टक्क्यांच्या आसपास बसतो. हाच पैसा याच तारखांना पीपीएफमध्ये भरला असता तर आजच्या ७.१ टक्क्यांनी एकोणीस लाखांच्या पुढे गेला असता. साडेचार लाखांचा फरक आहे, आणि त्याबदल्यात मिळतंय काय, तर १२ लाखांचं कव्हर. तुमच्या वयाच्या निर्व्यसनी माणसाला एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा, वर्षाला दहा-बारा हजारांत मिळतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही.

पण मला दराहून जास्त टोचतंय ते वेगळंच. बाबांना निवृत्तीनंतर एकूण आठ लाख मिळाले, असं तुम्ही ओघात लिहिलं आहे. त्यातला एक हप्ता गेला, उरले ६ लाख ८० हजार. अजून सहा हप्ते आहेत, म्हणजे ७ लाख २० हजार. आयुष्यभराची सगळी पुंजी ओतली तरी वर चाळीस हजार कमी पडतात! हाती पैसे येतील तेव्हा बाबा पंचाहत्तरीत असतील. मधली पंधरा वर्षं औषधपाणी कशातून होणार? ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफसोबतची, पेन्शन किती येते ते तुम्ही घरात बघताच आहात. हे कोणी विचारलंच नाही. विकणारा विचारणार नव्हता, पण तुम्हीही विचारलं नाहीत. तुमच्या शीटमध्ये रिफ्रेश रेटला रकाना आहे.

तेव्हा दुसरा हप्ता भरायचा नाही. 'पहिले सव्वा लाख बुडतील' ही भीती मला ठाऊक आहे, याच भीतीवर हा सगळा धंदा चालतो. म्हणून तेही मांडून पाहू. समजा पहिला हप्ता पूर्ण बुडाला, एक रुपया परत आला नाही. उरलेले सहा हप्ते त्याच तारखांना सात टक्क्यांनी ठेवले, तरी त्याच वेळी पावणेसोळा लाख होतात. पॉलिसी देणार साडेचौदा. म्हणजे सव्वा लाख कृष्णेत सोडून दिले तरी तुम्ही पुढेच.

आणि सगळे बुडणारही नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलले आहेत. वर्षाचा पूर्ण प्रीमियम भरला असेल, तर पहिलं वर्ष संपल्यावर पॉलिसी सोडली तरी कंपनीला काही रक्कम परत द्यावी लागते, तिला सरेंडर रक्कम म्हणतात. पूर्वी पहिल्या वर्षानंतर सोडलं की हात हलवत घरी. तुमची पॉलिसी मार्च २०२५ची, त्यामुळे तुम्ही या नियमात बसता. रक्कम फार नसेल, भरल्याच्या निम्मी आली तरी बरी म्हणायची. नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागवा, शाखेतल्या कोणाच्या तोंडून घेऊ नका.

मात्र सरेंडरचा अर्ज घाईने टाकू नका. आधी पूर्ण पैसे परत मागायचे. पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांची फ्री लूकची, म्हणजे ती परत करून पैसे मागण्याची, मुदत निघून गेली, पण ती न आवडलेल्या पॉलिसीसाठी असते. तुमची तक्रार वेगळी आहे: एफडी सांगून विमा गळ्यात मारला. स्वतःहून सरेंडर करून पैसे घेतलेत, की मग भांडायला धड कारण उरत नाही. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, प्रत बँकेला द्या. दाद मिळाली नाही तर विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर नोंदवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जा, पुण्यात कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. साध्या मराठीत, तारखांसकट एक पान लिहिलं तरी पुरे. पॉलिसी विकणारा बँकेतला तो अधिकारी बदली होऊन गेला आहे असं तुम्हाला सांगतील. जाऊ दे. तक्रार शाखेविरुद्ध आणि कंपनीविरुद्ध आहे, माणसाविरुद्ध नाही.

त्याच तक्रारीच्या पत्रात प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विम्याच्या अर्जाची, प्रत मागा. तुम्ही फुल्या केलेल्या जागी सह्या केल्यात, बाकीचं कोणी भरलं ते तुम्हाला ठाऊक नाही. माझ्याकडच्या एका प्रकरणात महिना अठरा हजार कमावणाऱ्या मुलाचं वार्षिक उत्पन्न नऊ लाख लिहिलेलं निघालं, आणि ती एकच ओळ पुढे फार उपयोगी पडली. कंपनीचा फोन येईल तेव्हा सगळ्याला हो म्हणा, हेही तुम्हाला शिकवलं होतं. तेही तक्रारीत लिहा. लाजायचं कारण नाही.

बाबांचे ६ लाख ८० हजार बाबांसाठीच राहू द्या. त्यातले साडेपाच लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. एप्रिल २०२३ पासून तिचा दर ८.२ टक्के आहे, दर तिमाहीला अकरा हजारांच्या वर खात्यात येतील. उरलेले एक लाख तीस हजार अडीनडीला, साध्या एफडीत. खऱ्या एफडीत. तुम्ही स्वतः आधी टर्म विमा घ्या, तो हातात आला की या कव्हरची फिकीर संपली.

आता फोन. हे लवकर आटपेल.

नो-कॉस्ट म्हणजे फुकट असं समजू नका. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज लागतंच, दुकानदार तेवढी सूट देऊन ते झाकतो. सत्तर हजारांवर २४ महिन्यांत सोळा टक्क्यांनी व्याजाचा भाग दहा हजारांच्या घरात येतो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून, वर प्रोसेसिंग फी, म्हणजे दोन हजार सहज. रोखीच्या खरेदीवरची चार-पाच हजारांची सवलत गेली ती वेगळी.

तुमच्या चौदा रकान्यांत मेगापिक्सेल आहेत, रॅम आहे, किती वॅटने चार्ज होतो ते आहे. सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार, हा रकाना नाही. ज्या फोनवर बँकेचं ॲप आणि यूपीआय चालतं, त्याला मी पहिला प्रश्न तोच विचारतो. पिक्सेल ९ए ला सात वर्षं, ए५६ ला सहा. ॲपल आकड्याचा गाजावाजा करत नाही, पण पाच-सहा वर्षं फोन व्यवस्थित सांभाळतं. विकायला काढाल तेव्हा आयफोनची किंमत जास्त टिकते, हेही खरं. तरी पाच वर्षं वापरून अठरा हजारांना विकला असं धरलं, तर आयफोन वर्षाला दहा हजारांना पडतो. चाळीस हजारांचा ए५६ पाच हजारांना गेला, तर वर्षाला सात. पिक्सेल दोघांच्या मध्ये कुठेतरी.

आणि तुमचा ए३४? तो मार्च २०२३ मध्ये बाजारात आला तेव्हा कंपनीने पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट देऊ असं सांगितलं होतं, म्हणजे २०२८ पर्यंत. बॅटरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बदलून घ्या, दोन-तीन हजारांत काम होतं. दुसरं सिम वापरत नसाल तर त्या जागी मेमरी कार्ड बसतं, स्टोरेजचा प्रश्न मिटला. कॅमेऱ्याचं म्हणाल, तर मागच्या भिंगावर बोटांचा तेलकट थर असावा असं फोटोवरून दिसतं. मऊ कापडाने पुसा. चष्म्याचं फडकं चालेल.

दोन वर्षांनी खुशाल ए५६ च्या दर्जाचा, तेव्हा जो काही असेल तो, रोखीने घ्या. आयफोनच हवा असेल तर तोही घ्या, तुमचा पगार आहे. फक्त आत्ता नको, आणि त्याला एक वेगळंच कारण आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही बँकेतल्या त्या माणसाचा व्हॉट्सॲप मेसेज उतरवून दिला आहे: 'सर तुमची एफडी झाली, कागद दोन दिवसांत घरी येतील'. तारीख गेल्या २७ मार्चची. लोकपालापुढे तुमच्याकडे असलेला सगळ्यात भक्कम पुरावा तो आहे, आणि तो ज्या फोनवर आला तो फोन तुम्ही सहा हजारांना एक्स्चेंजमध्ये द्यायला निघाला आहात. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना चॅट नीट आल्या नाहीत म्हणून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. आज रात्री ती पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा, नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. आणि निकाल लागेपर्यंत ए३४ घरातच ठेवा.