नवरा हाफ आयर्नमनची तयारी करतोय. मी घरून नेमकी काय मदत करू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नवऱ्याने मिरामारच्या हाफ आयर्नमनला नाव घातलंय, तुम्ही म्हापशाला राहता, खेळातलं तुम्हाला कळत नाही, आणि विचारताय की त्याचं मनोधैर्य कसं टिकवू, त्याला सपोर्ट कसा करू.

मनोधैर्याचं मला विचारू नका. जो स्वतःच्या खिशातले पैसे भरून १.९ किलोमीटर पोहायला, ९० किलोमीटर सायकल मारायला आणि वर २१.१ किलोमीटर धावायला निघालाय, त्याच्या मनोधैर्याला काही झालेलं नाही. तुम्हाला दोन काटे लागतील: एक माणसाचं वजन करणारा डिजिटल, १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा, आणि एक स्वयंपाकघरातला, ग्रॅममध्ये मोजणारा. बाकी प्रोत्साहन वगैरे पाहुणे करतात.

असं का म्हणतो ते सांगतो. आमच्या घरी ट्रायथलॉन, म्हणजे हेच पोहणं-सायकल-धावणं, बायको करते, बाटल्या मी भरतो. आमचे मेहुणे, म्हणजे तिचे थोरले भाऊ, जुने मॅरेथॉनवाले. त्यांचा मंत्र एकच: तहान लागायच्या आधी प्या, दर पंधरा मिनिटांनी प्या. सासूबाईंचंही तेच, "उदक पी गो, उदक." ऑक्टोबरमधल्या एका रविवारी ती डिचोलीहून साखळी, केरी करत चोर्ल्याचा घाट चढून परत आली. पाच तासांची राईड. आभाळ भरलेलं, घाटात धुकं, म्हणजे घाम रोजच्यापेक्षा कमी. मेहुण्यांच्या मंत्राप्रमाणे तिने ७५० मिलीच्या सहा बाटल्या साधं पाणी संपवलं, वर केरीत एक शहाळं. मीठ शून्य. घरी आली तेव्हा डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, आणि बोटातली अंगठी निघेना. मेहुणे फोनवर म्हणाले, "डिहायड्रेशन आहे, अजून पाणी दे." मी काट्यावर उभं केलं. सकाळी ५८.२ किलो होतं, आता ५९.१.

हा आकडा नीट बघा. पाच तास घाम गाळून वजन वाढलंय. ज्याच्या अंगातलं पाणी कमी पडलंय त्याचं वजन वाढत नाही. रक्तातलं सोडियम पातळ झालंय, याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. होतं असं की लांबच्या श्रमात शरीर लघवी रोखणारं संप्रेरक सोडत राहतं, म्हणून जास्तीचं पाणी मूत्रपिंड बाहेर टाकत नाही. ते पेशींमध्ये शिरतं. बोटं सुजतात ते दिसतं, मेंदू सुजतो ते दिसत नाही. अंगाने लहान आणि वेगाने सावकाश असणाऱ्यांना धोका जास्त, कारण घाम कमी आणि प्यायला वेळ भरपूर. शहाळ्याचाही उपयोग नाही, त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडं.

अशा वेळी पाणी पूर्ण बंद. खारे शेंगदाणे, लोणचं, पापड, आणि मोकळी लघवी होईपर्यंत वाट बघायची. तिला तासाभराने झाली, संध्याकाळी अंगठी निघाली. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, उलट्या थांबेनात, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट इस्पितळात. आणि तिथे पहिलं वाक्य हे बोला: "पाणी जास्त झालंय, सोडियम तपासा." एरवी खेळाडू गळून पडलेला दिसला की साधं सलाईन लावायचा मोह कुणालाही होतो, या अवस्थेत लागतं ते ३ टक्क्यांचं, घट्ट सलाईन.

आता तुमचं काम. नवऱ्याचा घाम मोजा. तासभर धावायच्या आधी, लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन. धावून आल्यावर अंग कोरडं पुसून परत वजन. फरकात मध्ये प्यायलेलं पाणी मिळवा. समजा ७२.४ चे ७१.५ झाले आणि ५०० मिली प्यायला, तर तासाला १.४ लिटर घाम. हे एकदा करून भागत नाही. दमट दुपारी, पावसात, आणि सायकलवर, असं निदान तीनदा करा आणि फ्रिजवर लिहून ठेवा. सगळं भरून काढायचं नसतं. ७२ किलोच्या माणसाचं दीड किलोपर्यंत वजन उतरलं तर बिघडत नाही. वाढलं तर मात्र बिघडलं.

बाटली अशी: ७५० मिली पाण्यात ४० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली कर्बोदकांची पावडर), २० ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ, अर्धं लिंबू. कर्बोदकं ६० ग्रॅम, सोडियम साधारण ५९० मिलिग्रॅम. पोटाला सराव झाला की सायकलवर तासाला अशी एक. माल्टोडेक्स्ट्रिन जिमची पावडर विकणाऱ्या दुकानात मिळतं, जवळजवळ बेचव असतं. सगळीच साखर घातली तरी चालतं, पण तिसऱ्या तासाला गोडाचा उबग येतो आणि माणूस पिणंच सोडतो. माल्टोडेक्स्ट्रिन ग्लुकोजच्या वाटेने आतड्यातून शोषलं जातं, साखरेतलं फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने; दोन्ही वाटा चालू ठेवल्या तर तासाला ९० ग्रॅमपर्यंत पचवता येतं, एकाच वाटेने ६० च्या पुढे पोट तुंबतं. अर्थात ९० एकदम नाही. ४० पासून सुरू करून आठवड्या-आठवड्याने वाढवायचं. पोटालाही सराव लागतो.

कोकमाची चव हवी असेल तर सोलं भिजवून ते पाणी घ्या, आगळ (सोलांचा मीठ घातलेला रस) घालू नका. आगळात मीठ किती ते घालणाऱ्यालाच ठाऊक, तुमचा हिशेब कोसळतो. आणि राईड संपली की बाटली लगेच उघडून धुवा. गाडीच्या डिकीत दोन दिवस राहिलेली साखरेची बाटली आंबते. पावसाळ्यात तोंडाच्या रबरी झडपेत काळी बुरशी धरते, ती वरून दिसत नाही. झडप ओढून काढा, बारीक ब्रश, गरम पाणी, खाण्याचा सोडा.

खाण्यात आपलं गोव्याचं घर फार सोयीचं आहे, लोक उगाच ओट्स विकत आणतात. लांबच्या राईडच्या आदल्या रात्री उकड्या तांदळाची पेज किंवा नुसतं शीत (भात) आणि पातळ कढी. नारळाच्या दाट वाटणाचं हुमण (माशांची आमटी), खुबे-तिसऱ्या त्या रात्री नकोत; तेल-नारळ पोटात रेंगाळतो आणि शिंपल्यांचा भरवसा नाही. सकाळी निघायच्या तीन तास आधी किलोमागे दीड-दोन ग्रॅम कर्बोदकं. पांढरे पाव, जाम, केळी. पोई नको, तिच्यातला कोंडा त्या दिवशी शत्रू. पण पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजेपर्यंत तुमचा नवरा रस्त्यावर असणार, म्हणून पाव आदल्या संध्याकाळचे आणून ठेवा.

गोव्यातल्या तयारीची खरी कटकट म्हणजे पावसाळा. स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे मुख्य तयारी जून ते सप्टेंबर. समुद्र तेव्हा पोहायला बंद. पणजीतला कांपालचा पोहण्याचा तलाव किंवा तुमच्या म्हापशातला पेडेंचा, हेच खरं. दर्या निवळल्यावर जीवरक्षक असतील तिथेच, लाल बावटा नसताना, किनाऱ्याला समांतर, आणि भडक रंगाचा तरंगता फुगा (बॉय) कमरेला बांधून. तुम्ही किनाऱ्यावर उभ्या राहणार असाल तर तो किती वाजता परत यायचा ते ठरवून घ्या. दहा मिनिटं उशीर झाला की जीवरक्षकाला सांगायचं, लाजायचं नाही. वेटसूट घ्यायचं म्हणाला तर पैसे वाचवा. हौशी स्पर्धकांना तो पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तरच चालतो. आपला समुद्र तेव्हा २८ च्या आसपास.

पावसाळ्यात सायकल घरात, ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर. तिथे हवा नसते, म्हणून पेडेस्टल फॅन समोर, छातीच्या उंचीला. हँडलवर पंचा टाकायला लावा. घाम टपकतो तो नेमका स्टेमच्या (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या) बोल्टवर आणि हेडसेटच्या बेअरिंगवर, महिन्याभरात गंज धरतो आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी बोल्ट फिरत नाही. रस्त्यावर भिजून आला तर बादलीतलं गोडं पाणी आणि फडकं पुरे. जोराची नळी बेअरिंगवर मारली की आतलं ग्रीस धुऊन जातं. चेन पुसून, सुकवून, पावसाळी तेल, आणि वरचं जास्तीचं तेल परत पुसून. टायरमध्ये जांभ्याचे आणि काचेचे कण रुततात, ते टोकदार सुईने काढायचे. ट्यूब घेताना व्हॉल्व्हची लांबी रिमप्रमाणे घ्या. खोल रिमला ४० मिलिमीटरचा व्हॉल्व्ह बाहेरच येत नाही, आणि हे रस्त्यात पंक्चर झाल्यावर कळतं.

हे सगळं तुम्ही करायचं का? नाही. बाटली भरणं आणि वजन लिहिणं घ्या, कारण थकलेला माणूस स्वतःच्या आकड्यांशी खोटं बोलतो. सायकल, बूट, घामट कपडे त्याचे तो बघेल. कपडे आल्या आल्या पाण्यातून काढायचे, एवढं तर प्रत्येकाला जमतं. आठवड्याला आठ ते बारा तास तयारीत जातात. रविवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याचे तास कॅलेंडरवर लिहून घ्या आणि त्यातच तुमचेही तास लिहा. आमचे मेहुणे अभिमानाने सांगतात की बारा मॅरेथॉन नुसत्या पाण्यावर धावलो. त्या बाराही वेळा पहाटे तीनला उठून वहिनींनी काय काय केलं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी तर तुम्ही जवळजवळ काहीच करायचं नाही. १९७८ साली हवाईत ओआहू बेटावर पहिली आयर्नमन झाली तेव्हा प्रत्येकाने आपली मदतीची माणसं सोबत आणायची होती. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारचं पाणी संपलं तेव्हा त्याच्या माणसांनी त्याला बिअर दिली, असं सांगतात. आज तुम्ही साधी केळ्याची फोड हातात दिली तरी बाहेरची मदत म्हणून त्याला बाद करू शकतात. सोबत धावणं नाही, स्कूटरवरून मागे जाणं नाही. म्हणून सगळं आदल्या दिवशी. सायकल आदल्या दिवशी जमा होते. टायरमधली हवा थोडी कमी करून ठेवायला सांगा, उन्हात पूर्ण भरलेली ट्यूब फुटू शकते, आणि सकाळी पंप घेऊनच जा. टायमिंग चिप डाव्या घोट्याला. साडेआठ तासांची मर्यादा असते, म्हणून एकाच जागी सावली धरून बसा. धावण्याचा मार्ग फेऱ्यांचा असतो, तो तुमच्यासमोरून परत परत जाईल. "छान दिसतोयस" म्हणू नका, दिसत नसतो. किती वाजले आणि किती उरलं ते ओरडा.

एक राहिलं, जे आधी सांगायला हवं होतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर माझं मिठाचं गणित डॉक्टरला दाखवल्याशिवाय वापरू नका. लांबच्या राईडआधी ब्रुफेनसारखी दुखण्याची गोळी घ्यायची सवय असेल तर तीही बंद, ती मूत्रपिंडाला आणखी अडवते. आणि ५९० मिलिग्रॅम हा आमच्या घरचा आकडा. टोपीवर पांढरे मिठाचे चट्टे उमटत असतील तर तुमच्याकडे जास्त लागेल.

अंगठी मात्र काढून ठेवायला सांगू नका. सकाळी ती किती सैल फिरते आणि घड्याळाचा पट्टा कितव्या भोकात आहे, तेवढं बघून ठेवा. तुमचे कुणी मेहुणे फोनवर "अजून पाणी दे" म्हणतील, तेव्हा आधी ते दोन परत बघा.