'पेक्षा'चा सापळा

प्रश्न : मुलगा कोरेगावला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. सीडीएसची, म्हणजे सैन्यदलांतल्या अधिकारी भरतीच्या परीक्षेची, तयारी करतोय. इंग्रजीत वाक्यातली चूक शोधायच्या प्रश्नांत मार खातो. त्याचे चुकलेले प्रश्न सोबत पाठवले आहेत. पुण्याला क्लास लावावा का?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, पुण्याचं तूर्त राहू द्या. पाठवलेल्या प्रश्नांत शब्द अडल्यामुळे चुकलेले फार थोडे. बाकी बहुतेक एकाच घराण्यातले, तुलनेचे आणि जोडीच्या रचनेचे.

'महाबळेश्वरची हवा साताऱ्यापेक्षा थंड' हे मराठीत बिनचूक. 'साताऱ्याच्या हवेपेक्षा' असं कुणी म्हणत नाही. पण 'द क्लायमेट ऑफ महाबळेश्वर इज कूलर दॅन सातारा' लिहिलं की हवेची तुलना थेट गावाशी होते. तिथे 'दॅन दॅट ऑफ सातारा' हवं, आणि 'रोड्स'सारखं अनेकवचन असेल तर 'दोज ऑफ'. मुलगा इंग्रजी वाचताना मनात 'पेक्षा' लावतो, म्हणून चूक खटकतच नाही. 'कानाला बरं वाटतं' या भरवशावर खूण करणं आधी बंद.

'एनी अदर'चंही तसंच. कळसूबाई महाराष्ट्रातलंच शिखर, म्हणून 'हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र'. 'अदर' गाळलं तर ते स्वतःपेक्षाही उंच ठरतं! गोव्यातल्या शिखरांशी तुलना असेल तर मात्र 'अदर' नको.

सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रिफर यांच्यापुढे 'टू', 'दॅन' नाही. 'नो सूनर'ला 'दॅन', 'हार्डली'ला 'व्हेन'. हे सरळ पाठच करावं.

जोडीच्या रचनेत त्याची ठरलेली चूक पाहा : 'शी नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो कन्नडा'. 'नॉट ओन्ली'पुढे क्रियापद आलंय, 'बट ऑल्सो'पुढे नुसतं भाषेचं नाव. 'नॉट ओन्ली' एक घर पुढे सरकवा : 'शी स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कन्नडा'. आता दोन्हीकडे नाव. बहुतेकांचं लक्ष शब्दांच्या अर्थाकडे असतं, ते बसलेत कुठे हे कुणी बघत नाही.

सराव असा करू द्या. दॅन, अ‍ॅज, अँड, ऑर, बट यांतला शब्द दिसला की पेन्सिलीने गोल. आधी त्याच्या उजवीकडे काय आहे ते पाहायचं, मग डावीकडे त्याचा जोडीदार शोधायचा. दोघं एका जातीचे हवेत : नावाला नाव, 'इंग'ला 'इंग', 'टू'ला 'टू'. ही परीक्षा घेणाऱ्या यूपीएससीच्या संकेतस्थळावर जुने पेपर फुकट मिळतात. रोज 20 वाक्यं, तीन आठवडे. चुकलेलं वाक्य वहीत उतरवून शेजारी कारण मराठीत लिहायचं. नुसतं बरोबर उत्तर लिहिलं तर उपयोग शून्य.

यात एक धोका आहे. नियम कळले की मुलांना सगळीकडे चूक दिसायला लागते आणि 'नो एरर'चा पर्याय विसरला जातो. इंग्रजीच्या पेपरात 2 तासांत 120 प्रश्न, गुण 100, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापतात. गोल केलेल्या शब्दाच्या दोन्ही बाजू जुळल्या की त्या जागी आणखी खोदत बसू नये.

तीन आठवड्यांनी वही उघडा. तुलनेच्या चुका गेल्या, पण काळ आणि प्रिपोझिशनच्या राहिल्या, तर क्लासचा विचार करू. तोही साताऱ्यातला.