देव डिचोलीत, गोळी पर्समध्ये

"घर बदललं आणि सगळंच विस्कटलं. चालणं बंद, जेवणाला वेळ नाही, झोप नाही. एवढी वर्षं जपलेलं महिन्याभरात गेलं. मी मुळातच आळशी आहे का हो?" नव्या जागेत राहायला गेलेली माणसं थोड्याफार फरकाने हेच विचारतात. गोव्यात डिचोली, सत्तरी, पेडण्याकडची कुटुंबं नोकरी-शिक्षणासाठी पर्वरी-पणजीकडे येतात, त्यांच्याकडून तर हमखास.

सुमनताईही (नाव आणि तपशील बदलले आहेत) हाच प्रश्न घेऊन आल्या. वय पन्नाशीचं, ब्लडप्रेशरची गोळी चालू. डिचोलीजवळच्या जुन्या घरातून पर्वरीत तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड हललं, कारण यजमानांचं ऑफिस तिथे. तपासणीत प्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळीबद्दल विचारलं तेव्हा त्या रडायलाच लागल्या, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाठवलं.

मी त्यांना जुन्या घरातली सकाळ सांगायला लावली. अंगण झाडायचं, तुळशीला पाणी, आंघोळ, फुलं काढायची, देवाला दिवा.

"आणि गोळी?"

"दिवा लावला की लगेच. देव्हाऱ्याच्या फळीवरच असायची, वातींच्या डब्याशेजारी."

"आता कुठे असते?"

"पर्समध्ये असेल," म्हणाल्या आणि गप्प झाल्या. वास्तुशांतीचा मुहूर्त मिळाला नव्हता, देव अजून डिचोलीला दिरांकडेच होते. दिवा नाही, म्हणून गोळीही नाही. अंगण नव्हतं, म्हणून सकाळी दार उघडून बाहेर पडणंही सुटलं होतं.

यात आळस कुठे आला? आपण सवयीचं श्रेय मनाच्या निर्धाराला देतो, पण रोजचं बरंचसं काम जागा आणि वेळ करून घेत असते. मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी 2005 साली विद्यापीठ बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायाम, पेपर वाचणं अशा सवयी जिथे आजूबाजूची परिस्थिती सारखी राहिली तिथे टिकल्या. ती बदलली तिथे आपोआप काही होईना, ठरवून करावं लागलं. सुमनताईंना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा सैलावला. स्वतःला दोष देण्यातच त्यांची निम्मी ताकद जात होती, आणि तेच मला सगळ्यांत जास्त लागलं.

सगळं एकदम सुरू करायचं नाही, आधी फक्त गोळी, असं ठरलं. देवांची वाट न बघता ती चहापावडरीच्या डब्याला टेकवून ठेवली. गॅस बंद केला की गोळी. सकाळची हीच वेळ चालेल ना, हे डॉक्टरांना विचारून घेतलं. चुकलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, हेही त्यांनीच बजावलं.

चालण्याची वाट पोदेराने, म्हणजे दारोदार येणाऱ्या पाववाल्याने, दाखवली. तो जुन्या घरी यायचा तसा इथेही भोंगा वाजवत येतो. पण सुमनताई गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायच्या, पैसे आत, पाव वर. मी म्हटलं, दोरी सोडून द्या, स्वतः उतरा. पायात चप्पल घातलीच आहे तर कॉलनीला फेरी मारून मग वर या. सुरुवातीला एकच फेरी.

जेवणाचं कारण खोक्यांत सापडलं. पाहुणे येतील म्हणून शोकेसची काचेची भांडी आधी लावली होती. कुकर आणि तवा कुठल्या खोक्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग सकाळी हॉटेलची पातळभाजी-पाव, मिरची भजी, रात्री पार्सल. प्रौढ माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाहेरच्या खाण्यात ते किती गेलं हे कळतच नाही. त्याच संध्याकाळी कुकर शोधायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी उकड्या तांदळाची पेज झाली. जे अजून हलायचे आहेत त्यांना मी आग्रहाने सांगते: कुकर, तवा, औषधं, चालायचे बूट आणि एक स्वच्छ चादर यांचं खोकं वेगळं बांधा आणि टेम्पोत न टाकता सोबत घेऊन जा.

"किती दिवसांत बसेल घडी?" त्यांनी विचारलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या एका अभ्यासात 96 जणांनी नवी सवय लावून बघितली. ती अंगवळणी पडायला मधल्या माणसाला 66 दिवस लागले, पण कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. हा शेवटचा भाग मी त्यांना दोनदा सांगितला.

पुढे वास्तुशांती झाली, देव घरी आले. गोळी परत देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. सुतकात दिवा लागत नाही, गावाला गेलं तरी लागत नाही, चहा रोजचाच. त्यांना ते पटलं. पाऊस सुरू झाल्यावर फेऱ्या आता खालच्या पार्किंगमध्ये होतात, तळमजल्यावरच्या एक काकी सोबत असतात. झोप मात्र अजून पूर्वीसारखी नाही. महामार्गाच्या बाजूची खोली सोडून त्या मागच्या खोलीत झोपू लागल्या आहेत. तेवढ्यावर भागलं नाही तर पुढच्या भेटीत डॉक्टरांशीही बोलायचं ठरलं आहे.