जुन्या मारुती ८०० च्या एसीत आर-१२ ऐवजी आर-१३४ए गॅस भरता येईल का?

१९९२ च्या मारुती ८०० मधील एसीत नुसता नवा गॅस भरून भागेल का, असे आपण विचारले आहे. भागणार नाही. आर-१२ हा जुना गॅस ओझोनच्या थराला घातक असल्याने बाजारातून गेला, आणि त्याच्यासोबत फिरणारे, कॉम्प्रेसरला वंगण देणारे मिनरल ऑइल नव्या आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. परिणामी तेल कॉम्प्रेसरकडे परत न येता वाटेतच साचून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून जुने तेल काढून व पाइप फ्लश करून नव्या गॅसमध्ये मिसळणारे एस्टर ऑइल घालावे, ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) आणि रबरी ओ-रिंगा बदलाव्यात, आणि व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवून, तो बंद केल्यावर गेजचा काटा जागेवर राहतो का, म्हणजे कुठे गळती नाही ना, हे स्वतः पाहावे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम टाकल्यावर मी त्या काट्यासाठीच थांबतो. घाईतला मेकॅनिक नेमका इथेच वेळ वाचवतो. नवा गॅस आर-१२ च्या मूळ वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्केच भरावा. कडक उन्हात नव्या गॅसचा दाब अधिक चढतो, त्यामुळे कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा) पंखा दमदार हवा. तरीही कोकणातून करूळ घाट चढून गगनबावड्याकडे परतताना ७९६ सीसीच्या इंजिनावर दया करून एसी बंदच ठेवावा.