पहिलं कार्ड : एकच ठसा, पुन्हा पुन्हा

तू हातानं केलेलं शुभेच्छांचं कार्ड पाहिलं. हात छान आहे गं, पण एवढ्याशा जागेत फूल, फुलपाखरू, फुगे, चमकी आणि वर तीन रिबिनी! नजर कुठे टेकवायची?

सुरुवातीला एकच आकार घे आणि तोच परत परत वापर. आपल्या जिल्ह्यातल्या येवल्याच्या पैठणीचा नारळी काठ आठव. तोच त्रिकोण ओळीनं येतो, म्हणून काठ भरदार दिसतो.

ए-फोर कागद मधोमध दुमड. भेंडी आडवी काप, फुलासारखा आकार दिसेल. तो रंग लावलेल्या स्पंजवर टेकव, मग कागदावर ठसा उमटव. (रंगात बुडवू नकोस, पाकळ्या भरून नुसता डाग उठतो. माझी पहिली दहा कार्डं अशीच गेली.) खालच्या कडेला ओळीत पाच ठसे. त्यातला एकच वेगळ्या रंगाचा. नजर बरोब्बर तिथे जाते, शुभेच्छा त्याच्याच वर लिही.

नेहमीच्या चुका दोन :
- अंतर अंदाजानं ठेवणं. फिकट पेन्सिलीनं दर 3 सेंटिमीटरवर टिंब दे.
- सगळं कार्ड भरून टाकणं. निम्मं तरी कोरं सोड. हात शिवशिवतील, तरी सोड.

कागदावर कागद चिकटवून थर, कटआउट (कापून काढलेले आकार) वगैरे सध्या नकोच. आधी अशी पाच कार्डं कर आणि दाखव.