तालुका कोर्टात एकट्याने वकिली करणाऱ्याला नेतृत्वगुण कशाला लागतात?

तुम्ही एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहात. कॉलेजात लीडरशिपवर व्याख्यान झालं, पण हाताखाली माणसंच नसलेल्या वकिलाने नेतृत्व करायचं तरी कुणाचं, असं तुम्ही विचारलंय. मी कोकणातल्या एका तालुक्याला 19 वर्षं दिवाणी कामं चालवतोय. ऑफिसात मी, एक ज्युनियर आणि एक क्लार्क. तरी हा प्रश्न मला रोज भेटतो, कारण वकिलाला पहिलं नेतृत्व आपल्याच पक्षकाराचं करावं लागतं.

पक्षकार येतो तो पेटलेला असतो. मागच्या वर्षी एक गृहस्थ वाटपाचा दावा लावायला आले. धाकट्या भावाने सामायिक जमिनीत कुंपण घातलं होतं. "साहेब, फी काय ती घ्या, पण त्याला कोर्टाची पायरी चढवायचीच." त्या क्षणी वकीलपत्रावर सही घेणं अगदी सोपं असतं. मी सातबारा उघडला आणि विचारलं, "बहिणी किती?" तीन. जमीन वडिलोपार्जित, म्हणजे हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर त्यांचाही भावांइतकाच हक्क, आणि वाटपाच्या दाव्यात त्यांना पक्षकार करावंच लागणार. हे आधी कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. ते उठून गेले. आठ दिवसांनी परत आले ते धाकट्या भावाला घेऊन. पुढे दोन बैठका झाल्या, तिन्ही बहिणींना बोलावलं आणि तडजोड झाली. फी कमी मिळाली, हे खरं.

आपल्या माणसांना नको असलेली गोष्ट सांगायची, तीही त्यांचा विश्वास न गमावता, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण महाडचं आहे. मार्च 1927 मध्ये चवदार तळ्याचं पाणी पिऊन झालं होतं. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेवढ्यात तळं खाजगी मालकीचं आहे असा दावा विरोधकांनी दिवाणी कोर्टात लावला आणि 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. 25 तारखेला परिषद भरली तेव्हा हजारो माणसं तुरुंगात जायच्या तयारीने आली होती. डॉ. आंबेडकर स्वतः बॅरिस्टर, आणि त्या दाव्यात प्रतिवादीही. हुकूम मोडला तर काय होईल आणि पाळला तर काय हाती राहील, दोन्ही त्यांना दिसत होतं. सत्याग्रह तहकूब करावा, हे त्यांनी त्या तापलेल्या सभेला पटवलं. लोकांनी तळ्याला मिरवणुकीने फेरी घातली आणि पाण्याला हात न लावता परतले. दावा मात्र सोडला नाही. तो हायकोर्टापर्यंत गेला आणि मार्च 1937 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. दहा वर्षं! तारखेमागून तारीख पडताना आपल्या माणसांचा धीर टिकवणं म्हणजे काय, हे वकिली करणाऱ्यालाच नीट कळेल.

दुसरा गुण मी सिनियरकडून शिकलो. कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, दाखल करायला कायद्याने 30 दिवस, फार तर 90. एका दाव्यात ती तारीख डायरीत लिहायची मी विसरलो आणि 'विना कैफियत' दावा पुढे चालवायचा हुकूम झाला. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी सिनियर हुकूम रद्द करण्याचा अर्ज घेऊन स्वतः उभे राहिले. म्हणाले, "साहेब, नोंद माझ्या ऑफिसात चुकली. पक्षकाराचा यात दोष नाही." कोर्टाने 500 रुपये खर्च बसवून कैफियत घेतली. ते पैसे त्यांनी खिशातून भरले, आणि मग बाहेर बाकावर बसलेल्या पक्षकाराला जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. माझं नाव दोन्ही ठिकाणी आलं नाही. संध्याकाळी फक्त डायरी पुढे सरकवून म्हणाले, "आजपासून ही तू लिहायचीस." त्यानंतर माझ्याकडून तारीख चुकली नाही.

आणखी एक. ज्युनियरला नुसत्या मुदती मागायला पाठवून वकील तयार होत नाही. छोटा का होईना, साक्षीदार उलटतपासणीला द्यावा लागतो, आणि तो अडखळला तरी मागून कोट ओढायचा नाही. हे मला अजून जड जातं.

भाषण, रुबाब, बार असोसिएशनची निवडणूक या गोष्टी मी मुद्दाम मोजत नाही. वकिलीची सनद मिळाल्यावर सिनियर निवडाल तेव्हा त्यांच्या ऑफिसातली गर्दी बघून भुलू नका. एक दिवस कोर्टात मागच्या बाकावर बसा आणि काम बिघडल्यावर ते पक्षकारासमोर ज्युनियरशी कसं बोलतात, ते बघा.