ओहोटीची वेळ बघून निघ

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा सहलीचा बेत काल रात्री वाचला. लाँग वीकेंड, तुम्ही चौघी मैत्रिणी, तू नुकतीच घेतलेली गाडी, शनिवारी पहाटे सॅन फ्रान्सिस्कोहून निघून हायवे वनने थेट लॉस एंजेलिस आणि रविवारी रात्री परत. मधे सतरा ठिकाणं. वाचून मला फार बरं वाटलं. इथे येऊन तुला चार महिने झाले, तरी ऑफिस आणि अपार्टमेंट सोडून तू काही बघितलेलं नाहीस, याची काळजी तुझ्या आईइतकीच मलाही होती. म्हणून आधी हेच सांगते, की जा, नक्की जा. फक्त हा बेत बदल.

किनाऱ्याकिनाऱ्याने लॉस एंजेलिस साडेचारशे मैलांच्या वर आहे आणि त्यातला बराचसा रस्ता वळणांचा आहे. कुठेही न थांबता गेलात तरी दहा तास धर. म्हणजे सतरा ठिकाणी तुम्ही उतरणार, फोटो काढणार आणि पुन्हा गाडीत बसणार. आम्हीही १९९९ साली असंच केलं होतं. बिग सुरच्या बिक्सबी पुलाचा फोटो अजून अल्बममध्ये आहे, पण तिथे उभं राहिल्यावर काय वाटलं ते विचारशील तर मला काहीच आठवत नाही. त्यानंतर सहाएक महिन्यांनी एका रविवारी डबा घेऊन आम्ही फक्त मॉस बीचला गेलो, आणि ती दुपार मला आजही तासातासाने सांगता येईल. तेव्हापासून एका दिवसाला एकच किनारा, असा आमच्या घरचा नेम आहे. तूही तो धर.

पहिल्या खेपेला मॉस बीच ते पिजन पॉइंट एवढंच कर. हाफ मून बे या किनाऱ्यावरच्या गावाच्या उत्तरेला सात मैल आणि दक्षिणेला वीसेक मैल, बस. सॅन होजेहून हायवे २८० ने ये, १०१ ने नको. २८० वर डाव्या हाताला डोंगरात लांबच लांब निळा तलाव दिसेल, तो क्रिस्टल स्प्रिंग्ज. भूकंपाची ती सॅन आंद्रेआस भ्रंशरेषा त्याच्या खालूनच जाते. पुढे ९२ ने डोंगर ओलांडून उतरलीस की समुद्र. ऑक्टोबरात मात्र भोपळ्यांच्या शेतांवर येणाऱ्या गर्दीने हा ९२ तुंबतो, तेव्हा सकाळी आठच्या आत तो पार कर.

मॉस बीचला फिट्झगेराल्ड मरीन रिझर्व, म्हणजे समुद्री जिवांचा राखीव किनारा आहे. तिथे जायचं ते ओहोटीला, आणि सगळ्या दिवसाची आखणी त्या एका वेळेभोवती करायची. नोआ या इथल्या सरकारी हवामान-समुद्र खात्याच्या संकेतस्थळावर भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं. त्यात आकड्याच्या आधी उणे चिन्ह असलेली ओहोटी शोध आणि तिच्या तासभर आधी तिथे पोच. तुझ्या आजोळी तिथी बघून भरती सांगतात ना, ते गणित इथेही चालतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. आपल्याकडे आणि इथे एक फरक मात्र लक्षात ठेव. इथे दिवसातल्या दोन ओहोट्यांमध्ये बरीच तफावत असते, एकीला पाणी खूप आत जातं, दुसरीला जेमतेम. हिवाळ्यात ती मोठी ओहोटी दुपारी-संध्याकाळी येते आणि उन्हाळ्यात भल्या पहाटे. त्यामुळे पहिल्या खेपेला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, दुपारी निवांत जाता येतं.

पाणी हटलं की काळी खडपं उघडी पडतात आणि त्यांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. एका खळग्यापाशी उकिडवी बस आणि पाच मिनिटं हलू नकोस. आधी काहीच दिसणार नाही. मग एक शंख चालायला लागेल, तो शंखात राहणारा खेकडा. तळाशी हिरवंगार फूल उमललेलं दिसेल, ते फूल नव्हे, समुद्रफूल नावाचा प्राणी आहे, आणि त्याच्या पाकळ्या म्हणजे भक्ष्य पकडायचे हात. सगळ्यात जपायचं ते खडकावर वाळू-शिंपल्यांचा ओला थर दिसतो त्याला. तोही त्या समुद्रफुलाचाच एक भाऊबंद. पाणी गेलं की हे छोटे जीव अंग मिटून घेतात आणि ऊन लागू नये म्हणून शिंपल्यांचे तुकडे अंगाला चिकटवून बसतात. माणसं वाळू समजून त्यांच्यावर पाय देतात. मीही दिला होता. पायाखाली काहीतरी मऊ दबलं, बारीक पिचकारी उडाली आणि मला कळलं. तेव्हापासून मी खडपावर पाऊल टाकायच्या आधी वाकून बघते. तूही कोरडा, उघडा कातळ बघूनच पाय ठेव. आणि तिथून काहीही उचलून आणू नकोस, रिकामा शंखही नाही. पुढच्या खेकड्याला तो घर म्हणून लागतो.

जांभळ्या किंवा केशरी रंगाचा तारामासा दिसला तर मला फोटो पाठव. २०१३ मध्ये या सगळ्या किनाऱ्यावर त्यांच्यात रोग पसरला आणि ते विरघळल्यासारखे झडून गेले. काही वर्षं आम्ही गेलो की एकही दिसत नसे. आता पुन्हा दिसायला लागलेत, आणि एक दिसला तरी माझा आठवडा चांगला जातो.

तिथून दक्षिणेला निघ. आपण नेहमी उत्तरेकडून दक्षिणेला जायचं, त्याला कारण आहे. इथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, त्यामुळे दक्षिणेला जाताना समुद्र आपल्या बाजूला येतो. मन झालं की उजवीकडे वळून थांबता येतं, समोरून येणारी रांग कापावी लागत नाही. नव्या ड्रायव्हरला तर हे फारच सोयीचं. मागच्या गाडीवाल्याची घाई अंगावर घेऊ नकोस. आपल्या वेगाने जा आणि टर्नआऊट, म्हणजे गाडी बाजूला घ्यायची जागा, आला की बाजूला हो. मागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या तर बाजूला होणं हा कॅलिफोर्नियाचा कायदाच आहे. चालवणारीने समुद्र बघायचा नाही, तो फक्त गाडी थांबल्यावर. बाकीच्या तिघींनी देवमासा दिसला म्हणून ओरडायचं नाही, हेही आधीच ठरवून टाका.

पेस्कादेरो हे एका रस्त्याचं जुनं गाव आहे. तिथे आर्टिचोक घातलेला गरम पाव मिळतो, तो घ्या आणि बीन हॉलोच्या किनाऱ्यावर बसून खा. शेजारच्या पेबल बीचवर वाळूच्या जागी गोट्या आहेत, वाटाण्याएवढ्या, पांढऱ्या, लाल, हिरवट, काही उन्हात आरपार दिसणाऱ्या. ओंजळीत घेऊन बघा आणि परत ठेवा. त्या न्यायला बंदी आहे. डबा मात्र घरून न्या. धपाटे, लसणाची चटणी, थर्मासात चहा. समुद्रपक्ष्यांवर लक्ष ठेवा, इथले सीगल हातातला घास नेतात.

पिजन पॉइंटचा दीपस्तंभ ११५ फूट उंच आहे, १८७२ पासून उभा. कॅरिअर पिजन नावाचं जहाज १८५३ मध्ये तिथल्या खडकांवर फुटलं, त्यावरून त्या टोकाला हे नाव पडलं. सूर्यास्त तिथे बघा. आपला किनारा पश्चिमेचा आणि हाही पश्चिमेचा, त्यामुळे सूर्य इथेही पाण्यातच बुडतो. मी आले त्या वर्षी मला घरची फार आठवण यायची, तेव्हा या एका गोष्टीचा मोठा आधार होता. तुलाही कधी तसं झालं तर अर्ध्या दिवसासाठी का होईना, तिथे जाऊन बस. येताना ८४ चा जंगलातला रस्ता सुंदर आहे, पण अंधारात तू तो घेऊ नकोस. परत ९२ नेच ये.

आता पाण्याविषयी, आणि हे नीट वाच. आपण लहानपणापासून समुद्रात डुंबलेल्या, म्हणून आपल्याला इथल्या पाण्याची भीती वाटत नाही, आणि धोका तिथेच आहे. हे पाणी दहा ते चौदा अंश सेल्सिअस असतं. एकदम आत गेलं तर श्वास आखडतो, पट्टीच्या पोहणाऱ्याचाही. आणि दहा-पंधरा मिनिटं शांत असलेला समुद्र अचानक एक लाट वीस-तीस पावलं वर पाठवतो. दुसऱ्या वर्षी पेस्कादेरोच्या जवळच एका पुळणीवर मी पाठमोरी उभी राहून फोटो काढून घेत होते. लाट कमरेपर्यंत आली. त्याहून वाईट म्हणजे ती परत जाताना पायाखालची वाळूच घेऊन गेली. यजमानांनी दंड पकडला म्हणून मी उभी राहिले. चपला गेल्या, कॅमेरा गेला, रात्रभर अंगाचा थरकाप थांबला नाही. तेव्हा समुद्राकडे पाठ करायची नाही, ओल्या वाळूवर सामान ठेवायचं नाही, आणि लाटा फुटत असतील त्या खडकाच्या टोकावर फोटोसाठी जायचं नाही. मैत्रीण आग्रह करत असेल तर माझं नाव सांग.

कपड्यांचं म्हणशील तर जुलैतही स्वेटर घे. वसंतात आणि उन्हाळ्यात वायव्येचा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो, खालचं थंडगार पाणी वर येतं, आणि त्याच्यावरची दमट हवा गार होऊन धुकं धरतं. तिकडे आतल्या खोऱ्यात ऊन तापलं की ते धुकं आत ओढलं जातं. म्हणून सॅन होजेला घाम गाळत निघालेली माणसं हाफ मून बेला कुडकुडत उतरतात. मोकळं आकाश हवं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर.

पुढच्या सहली सावकाश करू. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत आन्यो नुएवोला हत्ती-सील येतात. तेव्हा तिथे वाटाड्याबरोबरच सोडतात, म्हणून जागा आधी राखून ठेवावी लागते. दोन टनांचा नर छाती उंचावून आरोळी देतो, तो आवाज तू आयुष्यात विसरणार नाहीस. तेलासाठी मारून मारून एके काळी हे प्राणी शंभराच्या आत उरले होते. १९२२ मध्ये मेक्सिकोने त्यांना संरक्षण दिलं आणि १९५५ मध्ये ते आन्यो नुएवोला परतले. वाळूत तीनेक मैल चालावं लागतं, बूट चांगले घाल. मॉन्टेरेचं मत्स्यालय पावसाच्या दिवसासाठी राखून ठेव. आणि पॅसिफिकाच्या खाली डेव्हिल्स स्लाइडला गाडीने बोगद्यातून पुढे जाऊ नकोस. २०१३ मध्ये बोगदे झाले आणि कड्यावरचा जुना हायवे पायी चालणाऱ्यांना मिळाला. डांबरावर मधला पट्टा अजून आहे, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, आणि एकही गाडी नाही.

बिग सुर मात्र दोन रात्रींशिवाय करू नकोस. कार्मेलपासून सॅन सिमिऑनपर्यंत नव्वद मैल, पेट्रोल पंप मोजके आणि महाग, फोनला रेंज नाही. टाकी कार्मेललाच भर, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेव, आणि रेंज नसेल तिथे अंताक्षरी खेळा. हा रस्ता १९३७ मध्ये खुला झाला, त्याच्या बांधकामावर कैद्यांनीही काम केलं आहे. डोंगर अजूनही ठिसूळ आहे. २०१७ च्या मे महिन्यात मड क्रीकला कडा कोसळून रस्ता गाडला गेला आणि तो पुन्हा सुरू व्हायला २०१८ चा जुलै उजाडला. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी कॅलट्रान्सच्या, म्हणजे राज्याच्या रस्तेखात्याच्या, क्विकमॅप या ऑनलाइन नकाशावर रस्ता उघडा आहे ना ते बघायचंच, हॉटेलचे पैसे भरायच्या आधीही बघायचं.

आणखी एक, हे मला इथल्या शेजारणीने पहिल्यांदा दाखवलं. रस्त्याकडेला लाटेवर उघड्या पावलाचं चित्र असलेली पाटी दिसली की समज, तिथून किनाऱ्यावर उतरायची वाट आहे. १९७२ मध्ये इथल्या लोकांनी मतदान करून किनारा राखायचं ठरवलं आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यामुळे मोठमोठ्या बंगल्यांच्या मधूनही सगळ्यांसाठी वाटा राहिल्या आहेत. ती पाटी दिसली की मी अजूनही गाडी हळू करते.

आई मे महिन्यात येते आहे म्हणालीस. तिला पॉइंट रेयेसच्या दीपस्तंभाला नेऊ नकोस, तिथे तीनशेच्या वर पायऱ्या आहेत आणि तिचे गुडघे मला माहीत आहेत. तिला सॅन सिमिऑनजवळ पिएद्रास ब्लांकासला ने. तिथे गाडी लावली की चार पावलांवर कठडा, आणि खाली वाळूवर हत्ती-सील कात टाकत लोळत पडलेले. बाकांवर तासभर बसेल ती.

तुझ्या गाडीच्या डिकीत कायमची एक जुनी चादर, दोन टॉवेल आणि एक जास्तीचा पायमोज्यांचा जोड असू दे. चादरी माझ्याकडे दोन आहेत. शुक्रवारी संध्याकाळी ये, घेऊन जा, तेव्हाच कोष्टकात रविवारची ओहोटी किती वाजता आहे तेही बघू. धपाट्यांचं पीठ मी भिजवून ठेवते.

तुझी,
सनीव्हेलची मावशी